गेम स्ट्रीमिंगची सेटिंग्ज: पहूरच्या घरातून लाइव्ह जाताना १०८०पी निवडावं की ७२०पी?

जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि शेंदुर्णीहून जामनेरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तिथे पहूर आहे. अशा गावातल्या एखाद्या घरात रात्री कॉम्प्युटरवर गेम सुरू होतो, यूट्यूबवर लाइव्हचं बटण दाबलं जातं आणि दहा मिनिटांत कॉमेंट येऊ लागतात: 'भाऊ, अडकतंय', 'चित्र फुटतंय', 'आवाज येतोय पण स्क्रीन थांबली'. यावर बहुतेकांच्या मनात पहिला उपाय येतो तो नव्या ग्राफिक्स कार्डाचा. घरच्यांकडे पैशांची मागणी होते, कार्ड येतं, आणि स्ट्रीम पुन्हा तशीच अडकते. कारण बऱ्याचदा दोष कार्डात नसतोच. तो इंटरनेटच्या अपलोडमध्ये किंवा एका चुकीच्या आकड्यात असतो, आणि तो आकडा बदलायला एक रुपयाही लागत नाही.

स्ट्रीमिंगसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे ओबीएस स्टुडिओ. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये त्याची सुरुवात केली. पुढची माहिती ओबीएस धरून दिलेली असली, तरी त्यातले हिशेब कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू पडतात.

बिटरेट म्हणजे नेमकं काय?

१०८०पी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला ६० चित्रं घेतली, तर एका सेकंदाचा कच्चा व्हिडिओ जवळपास ३०० कोटी बिटांचा होतो. इतका डेटा घरगुती लाइनवरून जाणं शक्य नाही. म्हणून एन्कोडर नावाचा भाग तो दाबून लहान करतो. आधीच्या चित्रात जे होतं तेच पुढच्यात असेल, तर तो ते पुन्हा पाठवत नाही, फक्त बदल पाठवतो. ३०० कोटी बिटांचे ६० लाख बिट होतात, म्हणजे साधारण पाचशेपट दाबलं जातं. सेकंदाला किती बिट पाठवायचे हा जो आकडा, तोच बिटरेट. ओबीएसमध्ये तो केबीपीएसमध्ये लिहितात. ६००० केबीपीएस म्हणजे ६ एमबीपीएस.

इथेच नेहमीची चूक होते. 'जास्त पी म्हणजे जास्त स्वच्छ' असं समजून १०८०पी-६० निवडलं जातं आणि बिटरेट मात्र २५०० किंवा ३००० वर राहतो. ७२०पी चित्रात ९,२१,६०० ठिपके असतात, म्हणजे १०८०पीच्या निम्म्याहूनही कमी. तेवढेच बिट कमी ठिपक्यांत वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतात. ३००० केबीपीएसवर ७२०पी-३० चं चित्र १०८०पी-६० पेक्षा स्पष्ट दिसतं, कारण एकेका ठिपक्याला साडेचारपट बिट मिळतात. १०८०पी-६० च्या त्याच बिटरेटवर गवत, धूर, पाऊस किंवा वेगानं वळणारा कॅमेरा आला की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. 'चित्र फुटतंय' या कॉमेंटचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागेला ठिबक सोडणाऱ्यांना हा हिशेब नव्यानं सांगावा लागत नाही. पंपाचं पाणी तेवढंच असताना नळ्या दुप्पट केल्या, तर शेवटच्या झाडापर्यंत थेंब पोहोचत नाही.

आधी अपलोड मोजावा

इंटरनेटच्या योजनेवर ठळक लिहिलेला वेग बहुतेकदा डाउनलोडचा असतो. स्ट्रीमिंगला लागतो अपलोड. फायबर जोडणीत हे दोन्ही अनेकदा जवळजवळ सारखे मिळतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि टॉवरवरून येणाऱ्या वायरलेस घरगुती जोडणीत मात्र अपलोड डाउनलोडच्या मानानं बराच कमी असतो आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, सगळं गाव मोबाइलवर असताना, आणखी खाली येतो. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून मोजणी कधी केली याला महत्त्व आहे. दुपारी बारा वाजता घेतलेल्या स्पीड टेस्टचा रात्रीच्या स्ट्रीमला काही उपयोग नाही.

ज्या वेळेला लाइव्ह जायचं आहे त्याच वेळेला, तीन-चार दिवस, रोज दोन-तीनदा टेस्ट घ्यावी. आलेल्या अपलोडच्या आकड्यांपैकी सगळ्यात लहान आकडा धरावा, सरासरी नव्हे. त्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच बिटरेट ठेवावा. उरलेले ३० टक्के गेमच्या स्वतःच्या जाण्या-येण्यासाठी आणि घरातल्या दुसऱ्या मोबाइलसाठी लागतात. अपलोडची वाट पूर्ण भरली की ऑनलाइन गेमचा पिंगही वाढतो. मग स्ट्रीम नीट चालते, पण खेळणारा हरत राहतो.

समजा सगळ्यात लहान आकडा ५.२ एमबीपीएस आला. त्याचे ७० टक्के ३.६४. तर आवाज धरून ३५०० केबीपीएस हा सुरक्षित बिटरेट, आणि त्यावर ७२०पी-३० निवडणं योग्य. आकडा ९ आला तर ६००० केबीपीएसपर्यंत जाता येतं, म्हणजे ७२०पी-६० मोकळेपणानं. आकडा ३ च्या आसपास असेल तर २००० केबीपीएसवर ४८०पी, किंवा बुद्धिबळ, शेती, माइनक्राफ्टसारखा संथ गेम असेल तर ७२०पी-३०.

मोजण्याआधी आणखी एक गोष्ट करावी. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल टाकावी. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफाय कसाबसा पोहोचतो. स्पीड टेस्टमध्ये तो बरा दिसतो, पण मध्येच सेकंदभर दम तोडतो. व्हिडिओ बघणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याच्याकडे काही सेकंदांचा साठा असतो. पाठवणाऱ्याची चित्रं मात्र त्या सेकंदात गळतात.

यूट्यूब आणि ट्विचचे आकडे

यूट्यूबच्या मदत पानांवर एच.२६४ साठी सुचवलेले बिटरेट असे आहेत: ७२०पी-३० ला ४ एमबीपीएस, ७२०पी-६० ला ६, १०८०पी-३० ला १० आणि १०८०पी-६० ला १२. म्हणजे १०८०पी-६० यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे पाठवायचं, तर रात्रीच्या गर्दीतही १७ एमबीपीएसच्या आसपास अपलोड टिकला पाहिजे. ट्विचची मर्यादा याहून खाली आहे. तिथे १०८०पी-६० ला ६००० आणि ७२०पी-६० ला ४५०० केबीपीएस सुचवले जातात.

दोन्हींत एक फरक गावाकडच्या प्रेक्षकांसाठी मोठा आहे. यूट्यूब आलेल्या प्रत्येक लाइव्हच्या लहान आवृत्त्या स्वतः बनवतं. त्यामुळे बसमध्ये बसून मोबाइलवर बघणारा ३६०पी किंवा १४४पी निवडू शकतो. ट्विचवर ही सोय नव्या चॅनेलला प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. ती नसेल तर प्रेक्षकालाही पूर्ण ६००० केबीपीएसच ओढावे लागतात आणि त्याच्या मोबाइलवर चाक फिरत राहतं. खानदेशातले बघणारे मुख्यतः मोबाइलवर असतील, तर सुरुवात यूट्यूबवर करणं सोयीचं.

डेटाचा हिशेबही आधी पाहून ठेवावा. ४ एमबीपीएसनं तासाला १.८ जीबी जातात, ६ एमबीपीएसनं २.७ जीबी. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर २५०० केबीपीएस चित्र आणि १२८ केबीपीएस आवाज पाठवला, तर सगळा डेटा सव्वा तासात संपतो. आणि तो पॅक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलचा असेल, तर पुढचा प्रसंग सांगायला नको.

ओबीएसमध्ये काय कुठे भरायचं?

सेटिंग्जमधल्या व्हिडिओ भागात दोन रेझोल्यूशन असतात. बेस म्हणजे आपल्या मॉनिटरचं, ते १९२० बाय १०८० असेल तर तसंच राहू द्यावं. आउटपुट म्हणजे प्रत्यक्ष पाठवलं जाणारं, तिथे १२८० बाय ७२० करावं. लहान करण्याच्या पद्धतींत लँकझोस सगळ्यात स्पष्ट. मशीन अगदी कमजोर असेल तर बायलिनियर.

एफपीएस ३० की ६०, हे गेमवर ठरवावं. व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये ६० चा फरक डोळ्यांना जाणवतो. क्रिकेट, कार, माइनक्राफ्ट यांत ३० पुरतात. अपलोड कमी असेल तर ७२०पी-६० पेक्षा ७२०पी-३० बरं. अर्ध्या चित्रांना दुप्पट बिट मिळतात.

आउटपुट भागात रेट कंट्रोल सीबीआर ठेवावा, म्हणजे बिटरेट कायम एकच राहतो. चढ-उतार करणाऱ्या पद्धती रेकॉर्डिंगला चांगल्या, पण लाइव्हमध्ये त्या अचानक उसळी घेतात आणि तेव्हाच लाइन कमी पडते. कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद. यूट्यूब आणि ट्विच दोघांनाही तेच हवं असतं. रंगांची सेटिंग्ज, म्हणजे एनव्ही१२, रेक. ७०९ आणि लिमिटेड रेंज, जशी आहेत तशी ठेवावीत. ती बदलून फिकट किंवा काळपट चित्र झाल्याच्या तक्रारीच जास्त ऐकू येतात.

अॅडव्हान्स्ड भागात गर्दी असेल तेव्हा बिटरेट आपोआप कमी करण्याचा पर्याय आहे. मोबाइल हॉटस्पॉटवरून जाणाऱ्यांनी तो चालू ठेवावा. लाइन घसरली की चित्र थोडं धूसर होतं, पण थांबत नाही.

एन्कोडर कोणता? कार्ड घेण्याआधी वाचावं असं

एन्कोडिंगचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक, प्रोसेसरवर, एक्स२६४ नावाच्या एन्कोडरनं. दोन, ग्राफिक्सच्या चिपवर, त्यासाठीच बनवलेल्या वेगळ्या भागात. एक्स२६४ चित्र चांगलं देतो, पण चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर गेम आणि एन्कोडिंग दोन्ही टाकले की दोघांचीही उपासमार होते. त्याचा 'व्हेरीफास्ट' हा प्रीसेट ओबीएसमध्ये आधीपासून निवडलेला असतो. त्याहून संथ प्रीसेट घरगुती मशीनवर क्वचितच झेपतात. झेपत नसेल तर 'सुपरफास्ट' करून पाहावा.

ग्राफिक्सच्या चिपमधला एन्कोडर असेल तर तोच वापरावा. एनव्हिडियाच्या कार्डांत तो एनव्हेंक नावानं २०१२ पासून येतो आणि २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून त्याचं चित्र लक्षणीय सुधारलं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये २०११ पासून क्विक सिंक आहे. एएमडीच्या बहुतेक कार्डांत आणि 'जी' अक्षराच्या रायझन प्रोसेसरमध्येही स्वतःचा एन्कोडर असतो.

पण काही स्वस्त वस्तूंत तो नसतो आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. एनव्हिडियाच्या जीटी १०३० कार्डात एनव्हेंक नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या दोन कार्डांत व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणून क्विक सिंकही नसतं. एफ प्रोसेसर आणि जीटी १०३० अशी जोडी स्ट्रीमिंगसाठी घेतली, तर गेम चालतो आणि एन्कोडिंगचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. 'एफ' नसलेला तोच प्रोसेसर थोड्या जास्त पैशांत मिळतो आणि त्यातलं क्विक सिंक ७२०पी स्ट्रीमला पुरून उरतं.

ज्यांच्याकडे वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम चालतो, त्यांनी रॅमच्या पट्ट्या मोजाव्यात. ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर तसलीच दुसरी लावल्यानं गेमचा वेग चांगलाच वाढतो, कारण हे ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं आणि दोन पट्ट्यांमुळे वाट दुप्पट रुंद होते. पैसे घालायचेच असतील, तर नव्या कार्डाआधी इथे.

अडकतंय म्हणजे नेमकं कुठे?

बघणाऱ्याला तीन वेगळे आजार एकसारखेच दिसतात. ओबीएसमध्ये ते वेगळे दिसतात, पण त्यासाठी स्टॅट्सची खिडकी उघडावी लागते. ती व्ह्यू किंवा डॉक्स मेन्यूत असते. तिच्यात तीन आकडे महत्त्वाचे.

पहिला, नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम्स. हा वाढत असेल तर लाइन कमी पडते आहे. बिटरेट कमी करावा, केबल तपासावी, घरातल्या कुणाच्या मोबाइलवर फोटोंचा बॅकअप चालू आहे का ते पाहावं. बॅकअपही अपलोडच खातो. इथे कितीही महाग कार्ड लावलं तरी फरक पडत नाही.

दुसरा, एन्कोडिंगला उशीर झाल्यानं वगळलेल्या फ्रेम्स. हा वाढला तर एन्कोडरला काम झेपत नाही. एक्स२६४ असेल तर प्रीसेट वेगवान करावा किंवा ग्राफिक्सचा एन्कोडर निवडावा. तरीही नाही जमलं तर ६० चे ३० करावेत.

तिसरा, रेंडरिंगला उशीर झाल्यानं हुकलेल्या फ्रेम्स. हा बऱ्याच जणांना कोड्यात टाकतो, कारण लाइन चांगली असते, एन्कोडर मोकळा असतो, तरी स्ट्रीम अडखळते. कारण असं, की गेमनं ग्राफिक्सची पूर्ण ताकद खाल्लेली असते आणि ओबीएसला स्वतःचं चित्र जुळवायलाही जागा उरत नाही. उपाय गेमच्या आत आहे. गेमच्या सेटिंग्जमध्ये एफपीएसला ६० ची मर्यादा घालावी, सावल्यांचा आणि धुक्याचा दर्जा खाली आणावा. शिवाय विंडोजमध्ये ओबीएस 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलं, तर ग्राफिक्सच्या रांगेत त्याला प्राधान्य मिळतं. या एका बदलानं अनेकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

कार्ड बदलायचा विचार करायचा असेल तर तो दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यावर, आणि तोही हे सगळं करून झाल्यावर. पहिला आकडा वाढत असताना कार्ड घेणं म्हणजे टायर पंक्चर असताना इंजिन उघडणं.

रेकॉर्डिंग वेगळं, त्याची सेटिंग्जही वेगळी

लाइव्हची प्रत यूट्यूब स्वतः जपून ठेवतं, स्ट्रीम १२ तासांच्या आत असेल तर. पण ती प्रत पाठवलेल्या दर्जाचीच असते. त्यातून पुढे शॉर्ट्स कापायचे असतील, तर कॉम्प्युटरवर वेगळं रेकॉर्डिंग करणं चांगलं. इथे लाइनची अडचण नाही, म्हणून सीबीआर नको. एनव्हेंकला सीक्यूपी २० ते २३, एक्स२६४ ला सीआरएफ २३ च्या आसपास ठेवलं, की एन्कोडर दृश्याप्रमाणे हवे तेवढे बिट वापरतो. सरासरी २० एमबीपीएस पडले तर तासाला ९ जीबी जागा लागते. सेकंदाला हे फक्त अडीच एमबी होतात, साधी हार्ड डिस्कही ते सहज लिहिते. रेकॉर्डिंगसाठी एसएसडी घ्यायची गरज नाही. मशीन कमजोर असेल तर रेकॉर्डिंगच्या दर्जात 'स्ट्रीमसारखाच' हा पर्याय निवडावा. मग एकच एन्कोडिंग दोन्हीकडे जातं आणि जादा भार शून्य.

पेन ड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करणाऱ्यांची फाइल अर्ध्या तासाच्या आत तुटते, याचं कारण पेन ड्राइव्हची फॅट३२ रचना. तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही.

आता वीज. गावात रेकॉर्डिंगसाठी सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग दर्जाचं नसून फाइलच्या प्रकाराचं आहे. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर अनुक्रमणिका लिहायचीच राहते आणि दोन तासांची फाइल डिस्कवर असूनही उघडत नाही. एमकेव्ही प्रकारात असं होत नाही, वीज गेली त्या क्षणापर्यंतचं सगळं शाबूत राहतं. म्हणून ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करावं आणि नंतर फाइल मेन्यूतल्या 'रीमक्स'नं एमपी४ करून घ्यावं. यात व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, नुसतं वेष्टन बदलतं, म्हणून वेळ फार लागत नाही. ओबीएसच्या २०२४ पासूनच्या आवृत्त्यांत 'हायब्रिड एमपी४' हा पर्यायही आला आहे. तोही वीज गेल्यावर फाइल वाचवतो.

लाइव्हसाठी विजेची व्यवस्था दोन ठिकाणी लागते. कॉम्प्युटरला, आणि राउटर व फायबरच्या डबीला. यूपीएस फक्त कॉम्प्युटरला लावून राउटर मोकळा सोडला, तर गेम चालू राहतो आणि स्ट्रीम मरते. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे का ते पाहावं. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर वीज पलटवायला इतका वेळ घेतो की पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. अर्थात गावातल्या केबलवाल्याच्या यंत्रणेची वीज गेली, तर घरातला सगळा बंदोबस्त असूनही उपयोग नाही.

थोडा वेळ लाइन तुटली तरी ओबीएस स्वतःहून पुन्हा जोडणी करतं. पण यूट्यूब स्टुडिओत 'ऑटो-स्टॉप' चालू असेल, तर यूट्यूब तेवढ्यात लाइव्ह संपवून टाकतं आणि जमलेले बघणारे निघून जातात. ते बंद ठेवावं. स्ट्रीम संपवताना मग हातानं 'एंड स्ट्रीम' दाबायला विसरू नये.

मे महिन्यातली सेटिंग्ज

एप्रिल-मेमध्ये जळगाव जिल्ह्यात पारा ४३-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत जानेवारीत सुरळीत चाललेली सेटिंग्ज मेमध्ये अडखळू लागतात. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉपमध्ये हे लवकर होतं. स्ट्रीम पहिली वीस मिनिटं छान आणि मग अडखळत असेल, तर आधी तापमान पाहावं. उन्हाळ्यापुरते ६० चे ३० करणं, एक्स२६४ सोडून ग्राफिक्सचा एन्कोडर वापरणं आणि गेमच्या एफपीएसला मर्यादा घालणं, या तिन्हींनी उष्णता कमी होते. कॅबिनेटमधली धूळ महिन्यातून एकदा काढावी. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. त्या हवेत ओलावा असतो.

कूलरमुळे दुसरा त्रास आवाजाचा. ओबीएसमध्ये माइकला 'नॉइज सप्रेशन' हा फिल्टर लावून त्यात आरएनएनॉइज निवडलं, की पंखा-कूलरची घरघर बरीच दबते. माइकची पातळी बोलताना पिवळ्या पट्ट्यात राहावी, लाल पट्ट्यात गेली की आवाज फाटतो. विंडोज आणि ओबीएस दोन्हीकडे सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवावा, म्हणजे तासाभरानं आवाज आणि ओठ यांची फारकत होत नाही. १२८ केबीपीएसचा आवाज ३५०० च्या हिशेबात चार टक्केही खात नाही, म्हणून तिथे काटकसर करू नये. जामनेरकडच्या तावडी बोलीत किंवा अहिराणीत कॉमेंट्री करणाऱ्याला लोक ऐकायला येतात. धूसर चित्र ते सहन करतात, न कळणारं बोलणं नाही.

पहिल्यांदा लाइव्ह जाण्याआधी

यूट्यूबवर चॅनेलचा फोन नंबर पडताळून लाइव्ह चालू करण्याची विनंती केल्यावर पहिल्यांदा २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ जुलै २०२५ पासून लाइव्ह करणाऱ्याचं वय किमान १६ असावं लागतं. त्याहून लहान मुलाच्या लाइव्हमध्ये मोठ्या माणसाचा सहभाग दिसायला हवा. पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात करण्यावर २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्यानं बंदी आहे. नव्या चॅनेलला अशा अॅपचं नाव घेण्यासाठी पैसे देऊ करणारे मेसेज आले, तर त्यांना उत्तर न देणं शहाणपणाचं.

पहिली स्ट्रीम 'प्रायव्हेट' ठेवून रात्री नऊ वाजता अर्धा तास चालवावी. स्टॅट्सची खिडकी उघडी असावी आणि नेहमीचा, सगळ्यात जास्त धावपळीचा गेम लावावा. नुसत्या मेन्यूवर घेतलेली चाचणी काही सांगत नाही. ती संपल्यावर तीच स्ट्रीम मोबाइलवर, मोबाइलच्या डेटावर, ३६०पी करून पाहावी. त्यात कोपऱ्यातला स्कोअर आणि चॅनेलचं नाव वाचता येत नसेल, तर ओबीएसमध्ये अक्षरं मोठी करावीत.